‘पाहू’चा कप्पा

‘पाहू’ म्हणण्याआधी माणूस श्वास घेत नाही, सोडतो. बायकांच्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकण्यात अख्खा पावसाळा गेल्यावर सुचिताच्या हे लक्षात आलं होतं. ‘हो’ म्हणायच्या आधी बहुतेक जणी थोडी हवा आत ओढतात. ‘नाही’च्या आधी काहीच होत नाही, तो शब्द जणू आधीच ओठांशी येऊन थांबलेला असतो. पण ‘पाहू’च्या आधी नाकातून बारीकशी हवा बाहेर जाते, उकळत्या पातेल्यावरचं झाकण कुणी बोटानं सरकवावं तशी, आणि मग तो शब्द येतो, त्यातला ‘हू’ लांबतो आणि हळूहळू खाली बसतो. हे निरीक्षण तिनं कुठे लिहून ठेवलं नव्हतं. तिचं संशोधन शब्दांवर होतं, श्वासांवर नव्हतं. आणि जे प्रबंधात येणार नाही ते मनातही ठेवायचं नाही, अशी तिनं स्वतःला शिस्त लावून घेतली होती, जी ती पाळू शकत नसे.

त्या दुपारी वाशीमच्या कॉलेजातल्या मानसशास्त्र विभागाच्या खोलीत यूसरा कागदांचा गठ्ठा घेऊन आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, आपलं भांडण होणार हाय.” यूसरा सुचिताचीच विद्यार्थिनी, एम.ए. झालेली. तिच्या वडिलांचं, हबीबभाईंचं, गावात गाद्या-रजयांचं दुकान होतं आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांशी बोलता बोलता तिची जीभ लहानपणीच सुटली होती. सुचिताला दुसरा कोडर हवा होता तेव्हा तिनं हिलाच निवडलं, कारण ही बोली जाणणारी होती आणि भिडस्त नव्हती. काम सांगायला सोपं होतं. मळेवाल्या घरांतल्या आणि गावातल्या बायका पुढच्या दिवसांबद्दल कशा बोलतात, हा विषय. पद्धत आशयविश्लेषणाची. बोलणं जसंच्या तसं कागदावर उतरवायचं, त्याची वाक्यं सुटी करायची, आणि आधी लिहून ठेवलेल्या व्याख्या लावून एकेक वाक्य एकेका कप्प्यात टाकायचं : आशा, काळजी, टाळणं, नकार. मग हेच काम दुसऱ्या माणसानं, पहिल्याचे कागद न बघता, नव्यानं करायचं. दोघांचं जुळलं तर व्याख्या पक्की. नाही जुळलं तर चूक त्या बोलणाऱ्या बाईची नसते, व्याख्येची असते. हे सुचिताला या पद्धतीतलं सगळ्यात सभ्य कलम वाटे. दोघांचं किती जुळलं ते सांगणाऱ्या आकड्याला संख्याशास्त्रात, एका ग्रीक अक्षरावरून, कप्पाच म्हणतात, त्यावर यूसरा पहिल्या दिवशी खूप हसली होती. “म्हणजे कप्प्यात टाकाचं अन् मंग कप्पा काढाचा! त्या गोऱ्यायले मराठी येत होती काय वो?”

आज मात्र कप्पा घसरला होता. अमरावतीला रविकांत सरांकडे, म्हणजे सुचिताच्या मार्गदर्शकांकडे, हा आकडा पाठवणं शक्य नव्हतं. दोघींनी कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा काळजीची वाक्यं जुळली, सरळ नकाराची जुळली, पण जिथे जिथे ‘पाहू’ होता तिथे तिथे सुचितानं ‘आशा’ लिहिलं होतं आणि यूसरानं ‘नकार’. जणू दोघींनी ठरवून एकमेकींच्या उलट लिहिलं असावं. “बाप्पा, मॅडम,” यूसरा म्हणाली, “किती भोळ्या वो तुमी. पाहू म्हणजे नाही. लहान लेकराले पण समजते. मी पुण्याले शिकाले जातो म्हणलं, त अब्बा म्हणे, देखेंगे बेटा. किस्सा खतम! अम्मीनं त त्याच दिवशी माही बॅग पुसून अलमारीवर टाकून देली.”

“आणि तुझ्या अम्मी काही बोलल्या नाहीत?”

“बोलल्या ना. म्हणे, नाही त नाही म्हणले तुझे अब्बा, चिडते कायले?”

सुचिता हसली, पण ‘भोळ्या’ हा शब्द तिच्या आत कुठेतरी जाऊन अडकला. धनजच्या घरात तिच्या वडिलांनी, गुलाबरावांनी, कधी ‘हो’ म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. बारावीनंतर विज्ञान शिकायला अमरावतीला जायचं आहे, हे तिनं अंगणात उभं राहून सांगितलं तेव्हा बाबा बैलाच्या कासऱ्याला गाठ मारत होते. गाठ पूर्ण करून ते म्हणाले होते, “पाहू.” त्यानंतर त्या घरात तो विषय निघाला नाही. आई भाकऱ्या थापत राहिली, बाबा वावरात जात राहिले, आणि सुचिताचं सुखद वाट पाहणं सुरू झालं, कारण त्या ‘पाहू’चा अर्थ तिला ठाऊक होता. आणि एका सकाळी ती उठून बाहेर आली तर बाबा धुतलेलं धोतर नेसून तिच्या ट्रंकेला सुतळी बांधत बसले होते. “एसटी निघून जाईन ना वं, आटप,” एवढंच. त्या घरात नकार लगेच आणि मोठ्यानं दिला जाई, त्याला काही किंमत नव्हती. ‘पाहू’ मात्र जपून वापरला जाई. आता दोन गठ्ठ्यांमधल्या मोकळ्या जागेकडे बघताना तिला पहिल्यांदाच वाटलं की, तिनं ज्याला व्याख्या म्हटलं होतं ती व्याख्या नव्हतीच, ते धनजचं अंगण होतं. आणि यूसराची व्याख्या म्हणजे त्या अलमारीवरची बॅग. दोघी दोन घरांच्या पोरी म्हणून वाचत होत्या आणि त्याला विज्ञान म्हणत होत्या. या विचारानं तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं मात्र थोडं मोकळं.

“अन् हे पाहा,” यूसरानं एक पान ओढलं. “किन्हीराजा गावच्या तुळसाबाई. हा पाहू त तुमी धरलाच नाही. इथं तुळसाबाईजवळ कोणी मैतरीण बसली होती काय? एक म्हणते लेकरू आण, दुसरी म्हणते पाहू. मी नकारात टाकलं. बाजूले लिहिलं पण, पाहा.” पेन्सिलीनं, यूसराच्या गोल अक्षरात लिहिलेलं होतं : हिचं ठरलेलं हाय. फक्त बोलून नाही राह्यली.

सुचितानं ते वाक्य वाचलं आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नियम असा होता की मुलाखत घेणाऱ्याची वाक्यं कोडिंगमध्ये धरायची नाहीत. पण टाइप करणाऱ्यानं त्या पानावर कोण बोलतंय ते लिहायचंच सोडून दिलं होतं, आणि किन्हीराजाच्या त्या ओसरीवर सुचिता अशा निखळ वऱ्हाडीत उतरली होती की तिचं बोलणं आणि तुळसाबाईंचं बोलणं तिऱ्हाइताला वेगळं काढता येणं शक्य नव्हतं. प्रश्न प्रमाण भाषेत विचारायचे, उत्तर देणाऱ्याच्या भाषेत मिसळायचं नाही, हे ती वर्गात फळ्यावर लिहून शिकवत असे. ती स्वतः मिसळली होती. ‘पाहू’ म्हणणारी ती मैत्रीण म्हणजे सुचिताच होती.

“हो,” ती म्हणाली. “होती एक.”

“थिचं काही खरं नाही.”

“का?”

“पुढचं वाचा ना. लेकराचं नाव निघालं अन् बाई लगेच मेथीवर गेली. मेथी कोणत्या बाजारात नेता म्हणते! जिले खरंच पाहाचं असते, थे थोडी मेथीवर जाते?”

सुचितानं चष्मा काढून ओढणीच्या टोकानं पुसला. खिडकीबाहेर मुलं क्रिकेट खेळत होती आणि कुणीतरी बाद झाल्याची आरडाओरड चालली होती. तिनं शांतपणे सांगितलं की, या शब्दासाठी नवा नियम करावा लागेल. ‘पाहू’ला एकट्याला कुठल्याच कप्प्यात टाकायचं नाही. त्याच्या पुढची वाक्यं वाचायची. त्यात कुणी माणूस, एखादी वेळ, काही करण्याची गोष्ट आली तर आशा. विषय बदलला तर टाळणं. आणि नकार, फक्त पुढे नकार स्पष्ट बोलला गेला असेल तर. यूसरानं ओठ पुढे काढून विचार केला आणि म्हणाली, “मंग ही मेथीवाली टाळण्यात गेली. चला, नकारातून त सुटली बिचारी.” ती कागद गोळा करून, दुकानात अब्बाला जेवायला सोडायचं आहे म्हणत निघून गेली. सुचितानं तिला खरं सांगितलं नाही. पान नियमाप्रमाणे बाद करायचं, एवढी खूण तिनं केली, आणि मग हेडफोन कानाला लावून तिनं तो तुकडा ऐकला, जो खरं तर तिनं आजवर प्रत्येक वेळी पुढे सरकवला होता.

आधी ओल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या गोणपाटावर पडल्याचा मऊ आवाज. तुळसाबाई बोलता बोलता जुड्या बांधत होत्या, केळीच्या सोपटाची गाठ दातानं ओढत, त्यामुळे त्यांचे काही शब्द दातांत अडकलेले. “तुले लेकरं किती वं?” मग सुचिताचा आवाज, तिला स्वतःलाच परका, पातळ : “नाही जी.” “आँ? किती वर्सं झाले लगनाले?” मग काही तरी पुटपुटणं. मग तुळसाबाई, गाठ सोडून, स्वच्छ : “मंग आणा ना एखांदं. माह्या भावानं आणलं. काळं सावळं होतं, इतकूसं. आता त्याच्या मायले कोणाले हात लावू देत नाही थो पोट्टा, असा बिलगते. आणा ना वं.” आणि मग श्वास. सुचितानं तो अगदी स्पष्ट ऐकला. आत घेतलेला नव्हता, सोडलेला होता. “पाहू.” एक छोटं हसू. “बरं, मेथी कोणत्या बाजारात नेता तुमी?”

घरी जायला मेडशीची एसटी मिळाली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. ती खिडकीशी बसली. सोयाबीन काढून झालेली काळी वावरं आणि त्यांच्यामधून उभी पिवळ्या फुलांवर आलेली तूर, मध्येच एखादं मळणीयंत्र आणि त्याच्यावर तरंगणारी भुशाची धूळ, हे सगळं ती रोज बघत असे आणि रोज ते तिच्याजवळून न शिवता निघून जात असे. आज तिच्या डोक्यात एकच वाक्य होतं आणि ते तिच्या नवऱ्याचं, मुकेशचं होतं. मुलासाठी चाललेल्या अकोल्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या शेवटी थांबल्या त्या हिवाळ्यातली गोष्ट. फेऱ्या त्यांनी थांबवल्या नव्हत्या, त्या आपोआप थांबल्या होत्या, पंप पाणी ओढायचा बंद होतो तशा. दोघं घरच्या रोपवाटिकेत वांग्याची रोपं मोजून ट्रे लावत होती. जाळीच्या हिरव्या उजेडात मुकेशचा चेहरा आजारी माणसासारखा दिसत होता, आणि तो मान वर न करता म्हणाला होता, “आपण दत्तक घेऊ काय वं एखादं लेकरू?” तिनं म्हटलं होतं, पाहू. आणि मग? मग तिनं काय म्हटलं होतं? पुढची वाक्यं वाचायची, असा नियम तिनंच आज दुपारी केला होता. तिला ती आठवली. ट्रे कमी पडतात की काय, असं तिनं विचारलं होतं.

त्यानंतर मुकेशनं तो विषय काढला नाही. तिला वाटत राहिलं की तो वाट पाहतोय, जशी ती धनजच्या अंगणात पाहत होती. पण आज यूसरानं दुसरं घर दाखवलं होतं, आणि आता तिला हेही दिसत होतं की मुकेश कोणत्या घरातला आहे ते तिनं कधी विचारलंच नव्हतं. त्याच्या घरी ‘पाहू’चा अर्थ काय होता? त्यानं जर ते अलमारीवर टाकून दिलं असेल तर? विचारणाराच गप्प झाला की प्रश्न कुणाला न कळता मरतो, आणि चाळिशीच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या घरात तो पुन्हा जन्माला येईल याची खात्री नसते. एसटीनं मालेगावच्या थांब्यावर बराच वेळ घेतला. कुणीतरी कोंबड्यांची टोपली वर चढवली आणि वाहकानं त्यांचं तिकीट कोण काढणार असं विचारून लोकांना हसवलं. सुचिता हसली नाही, तिला ऐकूच आलं नाही.

तिला मूल नको होतं असं नाही. ती स्वतःला हे इतक्या वेळा विचारून बसली होती की ते उत्तर आता गुळगुळीत झालं होतं. भीती वेगळी होती आणि ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती, कारण ती तिच्या धंद्यातून आली होती. दत्तक घ्यायचं म्हणजे संस्थेची कुणीतरी बाई घरी येणार, स्वयंपाकघर बघणार, दोघांशी बोलणार आणि मग आपल्या वाक्यांवरून एक अहवाल लिहिणार. माणसाचं बोलणं कप्प्यात टाकताना काय काय गळून पडतं, हे सुचिताइतकं कुणाला ठाऊक होतं? अकोल्याला तिच्या शरीराचे आकडे झाले होते. आता मनाचे होतील. हे एक. आणि याच्याही खाली, जिथे ती क्वचित जाई, तिथे दुसरी भीती होती : अहवाल लिहिणारी ती बाई एकदा येऊन निघून जाईल, पण आपल्या आत बसलेली बाई जाणार नाही. मूल घरात आल्यावर ती रोज आपलंच बोलणं तपासत राहील. हे वाक्य मायेचं की कर्तव्याचं? आज जवळ घेतलं ते आपोआप की आठवणीनं? एखाद्या आईनं स्वतःचं असं कोडिंग करत राहिलं तर त्या लेकराचं काय होईल? म्हणून तिला आधी खात्री हवी होती. व्याख्या पक्की झाल्याशिवाय कामाला हात घालायचा नाही. वाक्य येण्याआधी कप्पा तयार हवा.

पण तसं कधीच होत नाही, हे तिला त्या खिडकीशी बसून, कोंबड्यांच्या कलकलाटात, इतकं साधेपणानं समजलं की ती थोडी लाजली. तिच्या कोणत्या व्याख्या आधी पक्क्या होत्या? टेबलाशी बसून लिहिलेल्या व्याख्या पहिल्या दोन मुलाखतींतच मोडल्या होत्या. बायका बोलत गेल्या तशा त्या रुंद झाल्या, काही फाटल्या, एक तर आज दुपारी पुन्हा नव्यानं लिहावी लागली. मजकूर आधी येतो. तो हातात घेऊन, चुकत, खोडत, दुसऱ्या माणसाशी भांडत, मगच कळतं की कशाला काय म्हणायचं. हे ती मुलांना दर वर्षी शिकवते आणि तिला स्वतःला ते लागू करावंसं वाटलं नव्हतं. आणि दुसरा माणूस लागतोच. एकट्या माणसाचा कप्पा निघत नाही. इतके दिवस ती हे काम एकटीच करत बसली होती, आपलाच ‘पाहू’ आपल्याच व्याख्येनं वाचत, आणि दुसऱ्या माणसाला कागदच दाखवला नव्हता.

मेडशीच्या थांब्यावर मुकेश मोटरसायकलवर बसून शेंगदाणे खात होता. “आल्या का डॉक्टरीणबाई,” त्यानं मूठभर शेंगदाणे पुढे केले. “आज उशीर. कोंबड्यायसंग आल्या काय? अंगाले पीस लागून हाय.”

“डॉक्टरीण व्हायला वेळ आहे अजून,” ती म्हणाली. शेंगदाणे तिनं घेतले, खाल्ले नाहीत. “मुकेश, एक विचारू?” ती त्याला एरवी नावानं हाक मारत नसे, ‘अहो’ म्हणे, आणि तो सावध झाला.

“काही झालं काय कॉलेजात?”

“नाही. तुमच्या घरी... म्हणजे तुम्ही लहान असताना. तुमचे वडील पाहू म्हणायचे, तेव्हा त्याचा अर्थ काय असायचा?”

मुकेशनं तिच्याकडे बघितलं. टरफलं झटकली. “आता हे पण तुह्या परबंधात घालतं काय?”

“सांगा ना.”

“बाबा कायले पाहू म्हणतील? थे त सरळ शिवी देत.” तो हसला आणि मग तिच्या चेहऱ्यावरून त्याच्या लक्षात आलं की ही थट्टेची गोष्ट नाही. रस्त्यावरून तुरीच्या वावरातून परतणाऱ्या दोन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन गेल्या. त्यातली एक मुकेशला म्हणाली, “बायकोले रस्त्यावर उभी करून शेंगा खातं का बाप्पा?” तिनं न थांबता विचारलं आणि उत्तर न ऐकता पुढे गेली.

“वांग्याचे ट्रे लावत होतो आपण,” सुचिता म्हणाली. “तुम्ही मला एक विचारलं होतं. मी पाहू म्हणाले होते. तुम्ही काय समजले?”

मोटरसायकलच्या आरशावर साचलेली धूळ त्यानं अंगठ्यानं पुसली, जिथे पुसायची गरज नव्हती तिथेही.

“मी काहीच नाही समजलो,” तो म्हणाला. “तू पाहू म्हणली, त मी पाहून राह्यलो.”

“काय पाहून राहिले?”

“तुले.” त्यानं मान वर केली. “कोणाच्या घरी बारसं असलं का तू कशी जातं, जाऊन आल्यावर कशी राह्यतं. बाजूच्या गोपाल भाऊची पोरगी आली का थिची वेणी घालून देतं, अन् थे गेल्यावर फणी कुठं ठेवतं. आता मले काय समजते त्यातलं? तुह्यासारखं शिकलो नाही मी. कधी वाटे, हिचं हो हाय. कधी वाटे, हिले भेव वाटते. नाही हाय, असं मात्र एक बार पण नाही वाटलं. म्हणून पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं त तू घाईनं काही बोलली असती.”

तिला वाटलं होतं, घरात बोलणं तपासणारं फक्त तीच आहे. हा माणूस इतके दिवस तिचे कागद वाचत होता, तिनं न दाखवता, कुठलाही कप्पा न करता. आणि त्याचं वाचन तिच्यापेक्षा वेगळं नव्हतं. हो पण होतं त्यात, भीती पण होती. दोघांचं जुळलं होतं. हे तिला कुठल्याही आकड्यात मांडता आलं नसतं, आणि मांडायची इच्छाही झाली नाही.

“भीती वाटते,” ती म्हणाली. “खूप वाटते. मी कशी आई होईन ते मला माहीत नाही. मी सगळं तपासत बसते.”

“मंग तपास. मी हाय ना खोडाले.”

“कुणी घरी येऊन प्रश्न विचारतील. लिहून नेतील.”

“नेऊ दे. चहा पाजू.”

ती हसली, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. थांब्यावर उभ्या माणसांनी बघितलं तर बघू दे, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तिनं श्वास आत घेतला. आणि घरात ती जी भाषा बोलत नसे, कॉलेजात तर नाहीच नाही, किन्हीराजाच्या ओसरीवर मात्र जिच्यात ती नकळत उतरली होती, त्या भाषेत तिनं ते वाक्य पूर्ण, न तोडता, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

“मले लेकरू पाहिजे, मुकेश. आपण दत्तक घेऊ.”